शाकारणी

शिसं चोरीला गेलंय हे आम्हाला पावसाने सांगितलं. फेब्रुवारीतला रविवार होता. चर्चमध्ये अकरा माणसं आणि एक म्हातारा कुत्रा. दुसरं भजन सुरू असताना डाव्या बाजूच्या रिकाम्या बाकावर टप टप आवाज यायला लागला. वॉर्डनबाई, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या बाई, गाता गाताच उठल्या, फुलदाण्यांच्या कपाटातली बादली आणून थेंबाखाली ठेवली आणि पुढच्या कडव्याला आपल्या जागी हजर झाल्या. भजन संपेपर्यंत आणखी दोन बादल्या लागल्या.

मी तिथे प्रार्थनेला गेले नव्हते. वार्षिक हिशेबाची प्रत द्यायला गेले आणि बाहेर गारठा म्हणून आत थांबले. (आतही तेवढाच गारठा असतो, हे दरवर्षी नव्याने विसरते.) दुपारी शेजारच्या शेतकऱ्याने शिडी लावली. बाजूच्या दालनाच्या अख्ख्या पाखीवरचे शिशाचे पत्रे चटईसारखे गुंडाळून कोणीतरी नेले होते. भंगारात शिसं वजनावर जातं आणि जुन्या चर्चवरचं शिसं भरपूर जड असतं. उरल्या होत्या ओकच्या उघड्या फळ्या, आणि त्यांच्या फटींतून खाली दिसणारे बाक.

आमचं गाव इंग्लंडमधल्या इप्सविचच्या उत्तरेला अर्ध्या तासावर. नवरा फेलिक्स्टोच्या बंदरात नोकरीला, मी घरून लोकांचे जमाखर्च लिहिते. गावातली शाळा बंद झाली, पोस्ट बंद झालं, पबचं घर झालं. चार माणसांनी एका छपराखाली जमायचं तर उरलंय ते हे चर्चच. पाद्रीबाईंच्या वाट्याला अशी आठ गावं, त्यामुळे आमच्या गावची पाळी महिन्यातून दोनदा येते. इमारतीसाठी मात्र वेगळी संस्था आहे. इंग्लंडच्या खेड्यांत ही पद्धत बरीच चालते. येशूशी देणंघेणं नसलं तरी भिंतींशी असू शकतं, म्हणून 'फ्रेंड्स' म्हणवणारं एक मंडळ काढायचं, ज्याचे पैसे फक्त दगड-चुना-लाकडावर खर्च होतात. त्यांना खजिनदार हवा होता. हिशेब ठेवायला श्रद्धा लागत नाही, असं वॉर्डनबाई म्हणाल्या. मला ते पटलं.

चोरीची बातमी आईला फोनवर सांगितली, तर तिचा पहिला प्रश्न, "राजा देत नाही का? त्याचंच ना ते चर्च?"

प्रश्न अगदी रास्त आहे. राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख आहे, बिशप मंडळी वरिष्ठ सभागृहात बसतात, मग खेड्यातल्या छपराचं बिल कोणी भरायचं? गावाने. पूर्वी पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, सगळ्यांवर चर्चच्या देखभालीची पट्टी बसायची, मग तुम्ही त्या पंथाचे असा वा नसा. १८६८च्या कायद्याने ती सक्ती गेली. तेव्हापासून जे काही आहे ते स्वखुशीचं. पलीकडे फ्रान्समध्ये १९०५च्या कायद्यानंतर खेड्यांतली जुनी चर्चं नगरपालिकांच्या मालकीची झाली, म्हणजे छप्पर गळलं की महापौराला झोप लागत नाही. इथे झोप लागत नाही ती खजिनदाराला.

सफोक परगण्यात अशी मध्ययुगीन चर्चं पाचशेच्या घरात आहेत. मेंढ्यांच्या लोकरीवर हा मुलूख एकेकाळी गबर झाला आणि त्या पैशातून गावागावांनी गरजेपेक्षा मोठी देवळं बांधली. लोकर गेली, माणसं गेली. शंभर माणसं राबायची त्या शेतात आज एक ट्रॅक्टर फिरतो. पण चर्च तेवढंच राहिलं. साऱ्या चर्च ऑफ इंग्लंडच्या सोळा हजारांच्या आसपास इमारती आहेत आणि त्यातल्या १२,०००हून जास्त वारसा-यादीत. म्हणजे पाडता येत नाहीत, हवं तसं बदलताही येत नाहीत. श्रीमंत देशातलं गरीब देऊळ म्हणजे काय, हे मला आमच्या बँकेच्या पासबुकाने शिकवलं. छपराचा जो अंदाज आला तो आमच्या वर्षाच्या जमेच्या वीसपट होता. विम्याने दिलं ते पहिल्या मचाणालाही पुरलं नसतं. शिशाच्या चोरीला विमेवाल्यांची वेगळी मर्यादा असते, आणि ती कागदाच्या मागच्या बाजूला असते.

इथे मला माझ्या वडिलांचं गाव आठवलं. संगमेश्वर तालुक्यात, सड्याखाली. मे महिन्यात आम्ही पुण्याहून गावी पोचायचो तेव्हा घरोघरी शाकारणी चाललेली असायची. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वासा किडला असेल तर बदलायचा आणि परत सगळी ओळीने चढवायची. देवळाची शाकारणी अख्खी वाडी मिळून करी. एक जण वर, एक शिडीवर, आम्ही पोरं खाली रांगेत, आणि कौल हातोहात वर जायचं. पैसा फारसा लागत नसे. लागे ती दरवर्षीची दोन दिवसांची फुरसत. ती आटली तसं देवळाच्या छपराचं आयुष्यही आटलं.

इथली शाकारणी पैशांशिवाय होत नाही, म्हणून आम्ही पत्रक काढलं. पाद्रीबाईंनी लिहिलेलं, फार सुंदर इंग्रजीत. आठशे वर्षांचा वारसा, पूर्वजांचं ऋण, उदार हस्ते मदत करावी. गावातल्या प्रत्येक दारात टाकलं. पंधरा दिवसांत जे आलं त्यातून पत्रकाची छपाई निघाली. लोक वाईट नव्हते. दुकानात भेटले की मान हलवून "टेरिबल, टेरिबल" म्हणत होते. पण वारसा नावाच्या वस्तूला किती पौंड द्यायचे हे कुणालाच कळत नव्हतं. पाच दिले तर अपमान, पाचशे दिले तर मूर्खपणा. मग काहीच दिलं नाही.

वडिलांकडे गावच्या ग्रामस्थ मंडळाची, म्हणजे मुंबई मंडळाची, वर्गणीची वही असायची. गिरणगावातल्या खोल्यांतून फिरून चाकरमान्यांनी जमवलेला पैसा. त्या वहीत 'वारसा' हा शब्द कुठेही नव्हता. कौलं शंभर. वासा एक. सभामंडपाची फरशी, दोन ब्रास वाळू. समोर नाव आणि रक्कम. ज्याची ऐपत दहा कौलांची तो दहा कौलं देई आणि पुढच्या मेमध्ये गावी आला की मान वर करून छपराकडे बघे. आपली दहा कुठली ते कधीच कळायचं नाही, पण बघायचा.

मी बिल घेऊन बसले आणि त्याचे तुकडे केले. चुन्याची एक गोणी. पन्हळीचा एक मीटर. फळीचा एक फूट. तांब्याच्या खिळ्यांचं एक पाकीट. छपराच्या पत्र्याचा एक हात लांबीचा तुकडा. प्रत्येकासमोर किंमत, आणि चर्चच्या दाराशी वही. वॉर्डनबाई जरा कचरल्या. पैसे मागणं इंग्रज माणसाला असंही जड जातं, त्यात किमती लावून मागायचे म्हणजे वाण्याचं दुकानच. पण तीन आठवड्यांत चुना संपला. खिळेही संपले. सगळ्यात आधी कुणी काय घेतलं असेल तर कुत्रा घेऊन येणाऱ्या आजोबांनी पन्हळीचे दोन मीटर. "माझ्या बाकावर पडत होतं," म्हणाले.

वही ठेवली तरी हिशेबाचं शास्त्र सांभाळावंच लागतं. इथे करदात्याने धर्मादाय संस्थेला एक पौंड दिला आणि फॉर्मवर सही केली की सरकार वर पंचवीस पेन्स घालतं. गिफ्ट एड म्हणतात त्याला. मी त्या फॉर्मच्या मागे इतकी लागले की लोक मला पाहून रस्ता बदलत. आणि तेच सरकार दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट घेतं. नवं घर बांधा, व्हॅट शून्य. जुनं चर्च दुरुस्त करा, वीस टक्के. तो परत मिळवण्यासाठी २००१पासून मार्च २०२६पर्यंत एक योजना होती, पण एप्रिल २०२५पासून तिलाही एका इमारतीमागे वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा घातली होती.

मोठे निधी देणारे ट्रस्ट आहेत, चांगले आहेत. त्यांची अडचण अशी, की बहुतेकांना निम्मी रक्कम आधी जमलेली दाखवावी लागते. लग्नाच्या बैठकीत "आधी तुम्ही सांगा, नाही आधी तुम्ही" चालतं तसं. शिवाय प्रत्येक अर्जात हा प्रश्न: या कामाने समाजाला नवीन काय मिळेल? चर्चच्या मागच्या बाजूला संडास आणि चहाचा ओटा बांधायचा असेल तर उत्तर सोपं आहे. पन्हळ साफ केल्याने नवीन काय मिळतं? काहीच नाही. जे आहे ते तसंच राहतं. हे वाक्य मी एका अर्जात खरोखर लिहिलं होतं. तो अर्ज नामंजूर झाला.

आणि हे काही इथलंच दुखणं नाही. आमच्या गावच्या ग्रामदेवतेचं देऊळ जांभ्या दगडाचं, कौलारू, सभामंडपाला फणसाचे कोरीव खांब. साधारण वीस वर्षांपूर्वी मुंबई मंडळाने त्याचा जीर्णोद्धार करायचा ठरवला. शाकारणीसाठी वर्षाला चार हजार जमवताना जी मंडळी फोन उचलत नव्हती, त्यांनी स्लॅबसाठी लाखांत दिले. पाडलं. आरसीसी उभं राहिलं, फरशी, ग्रॅनाइट, आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. आमचंही नाव आहे तिच्यावर, वरून सातवं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी इंग्लंडात एक संस्था काढली, ती अजून चालू आहे. तेव्हाचे वास्तुतज्ज्ञ चर्चं खरवडून 'मूळ रूपात' आणायच्या नादात होते, त्याविरुद्ध ही तक्रार. तिच्या जाहीरनाम्यातला मथितार्थ असा, की रोजच्या काळजीने झीज थोपवा, कलत्या भिंतीला टेकू द्या, गळकं छप्पर दुरुस्त करा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर शाकारणी म्हणतोय.

परवानगीची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर तिचाच लेख होईल. चर्चच्या कामाला बिशपच्या अखत्यारीतल्या स्वतंत्र न्यायालयाची मंजुरी लागते. अर्ज, नकाशे, मग चर्चच्या दारावर अठ्ठावीस दिवस नोटीस. पुन्हा शिसं घातलं तर पुन्हा चोरी, म्हणून आम्ही कथलाचा लेप दिलेलं स्टेनलेस स्टील मागितलं. कल्हई केलेल्या पातेल्याचा भाऊ. ते मंजूर झालं. मग निघाली वटवाघळं. १९८१च्या वन्यजीव कायद्याने त्यांना धक्का लावता येत नाही, आणि उन्हाळ्यात त्यांच्या बाळंतपणाचा काळ. तेव्हा काम बंद. बरं, हिवाळ्यात करावं तर चुन्याला गारठा सोसत नाही, पाच अंशांखाली तो धरतच नाही. वटवाघळं आणि थंडी यांच्या मधल्या फटीत आमच्या वाट्याला सप्टेंबर-ऑक्टोबर आला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी इथे लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चला सायकली हाणत किंवा चालत फिरतात. दर चर्चमागे ओळखीपाळखीचे लोक त्यांना ठरलेले पैसे देतात, निम्मे आपल्या गावच्या चर्चला, निम्मे परगण्याच्या निधीला. सुरुवात सफोकमध्येच झाली, १९८०च्या दशकात, आता देशभर चालते. सायकल मला जमत नाही. मी दाराशी टेबल टाकून बसले, येणाऱ्यांची नोंद आणि सरबत. बिस्किटांच्या शेजारी घरचा पोह्यांचा चिवडा ठेवला होता. एका गृहस्थांनी तो दुधात घालून खायचा का, असं अतिशय गंभीरपणे विचारलं.

त्याच वेळी टपालाने अमेरिकेतून एक चेक आला. १६३०मध्ये सफोकमधल्याच ग्रॉटन गावचा जॉन विन्थ्रॉप जहाजं भरून मॅसॅच्युसेट्सला गेला, त्याच्या आगेमागे इथली बरीच कुटुंबं गेली. त्यांचे वंशज आता जुन्या नोंदवह्यांत आडनावं शोधत येतात. या बाईंनी चर्च कधी पाहिलेलं नाही. त्यांना फळीचे सहा फूट हवे होते. चाकरमानी चारशे वर्षांनीही चाकरमानीच राहतो.

मी कोण मग? पुण्यातल्या आत्याने फोनवर विचारलंच, "आपण कशाला त्यांच्या चर्चला?" मी म्हटलं, आत्या, आपलं घर पंचहौदाच्या मागे. तिथल्या मिशनमध्ये १८७७मध्ये वाँटेजहून ज्या भगिनी आल्या, शाळा काढल्या, त्यांच्यामागे इंग्लंडमधल्या पॅरिशांतून जमवलेला पैसा होता, कुणी पेनी, कुणी शिलिंग. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला आल्या त्या याच वाँटेजच्या मठात. आत्या म्हणाली, "आणि टिळक-रानड्यांना तिथल्या चहाचं प्रायश्चित्त पडलं, ते नाही सांगितलंस." १८९०चा तो चहा आमच्या घरात अजून निवलेला नाही. आत्याने पुढच्या आठवड्यात एका गोणी चुन्याचे पैसे पाठवले. नाव लिहू नको म्हणाली.

चुन्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. आमच्या चर्चच्या भिंती गारगोट्यांच्या, शेतात सापडणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या. गारगोटी पाणी पीत नाही. पिते आणि सोडते ती दोन गारगोट्यांमधली चुन्याची दरज. विसाव्या शतकात कधीतरी कोणा भल्या माणसाने त्या दरजा सिमेंटने भरल्या. सिमेंट पाणी सोडत नाही. आत अडकलेली ओल थंडीत गोठली, फुगली, आणि गारगोट्या सुट्या होऊन गवतात पडायला लागल्या. गवंडी आला तो साठीचा, हात पालीसारखे खरखरीत. त्याने छिन्नीने सिमेंट एका सलग पट्टीत सोलून काढलं, मागची भिंत ओली काळी. मग ब्रशने पाणी मारलं, घट्ट चक्क्यासारखा चुना थापीवरून दरजेत सारला, आणि सुकायला लागल्यावर ताठ ब्रशच्या टोकाने ठोकठोक ठोकला. वर ओलं गोणपाट. सुकू द्यायचं नाही, हळूहळू धरू द्यायचं. मी त्याला सांगितलं, आमच्या किल्ल्यांवर चुना मळायची घाणी असते, दगडी चाक बैल फिरवतात. तो थांबला. चाकाचा व्यास किती, म्हणाला.

त्या आठवड्यात मीही मचाणावर चढले. खजिनदाराने एकदा तरी माल पाहावा. चोर घाईत एक पत्रा सोडून गेले होते, मनोऱ्याच्या कुशीतला. त्यावर चाकूच्या टोकाने कोरलेली एका बुटाची बाह्यरेषा होती, टाच, चवडा, आणि आत दोन आद्याक्षरं. छपरावर काम करणारे इथे असे आपले पाय आणि पंजे काढून ठेवत. बूट लहान होता. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा असावा, हाताखाली आलेला. मी माझा पाय बाजूला ठेवून पाहिला. बाकीच्या पत्र्यांवरची असली पावलं कुठल्या भट्टीत वितळली कोण जाणे. तो एक पत्रा कापून काढला आणि आत भिंतीवर लावला. देणगीदारांची पाटी लावायची टूम निघाली होती, ती मागे पडली. वही आहे, ती दाराशी असते.

जुने जमाखर्च मला आवडतात, हा व्यवसायाचा दोष. सफोकमधल्याच ब्लायथबर्गच्या मोठ्या चर्चला छपराशी लाकडी देवदूत आहेत, पंख पसरलेले. दुरुस्तीच्या वेळी त्यांच्या अंगात छर्रे सापडले. गावोगाव सगळे १६४४च्या मूर्तिभंजकांना, विल्यम डाउसिंग आणि त्याच्या माणसांना, शिव्या देत. पण अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशेबात दारू आणि छर्ऱ्यांचा खर्च पडलेला आहे, आत शिरलेल्या जॅकडॉ जातीच्या कावळ्यांना मारायला. देवदूतांना गोळ्या लागल्या त्या घरच्याच माणसांकडून, रीतसर पावती घेऊन.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाखी बंद झाली. समारंभ म्हणाल तर बादल्या कपाटात परत गेल्या.

नोव्हेंबरमध्ये पानं गळून झाल्यावर आम्ही पाच जण पन्हळी साफ करायला जमलो. याला निधी नाही, अर्ज नाही, फोटो नाही. मी शिडीवर, हातात रबरी मोजे, पन्हळीत ओली पानं, एक टेनिसचा चेंडू आणि कावळ्याने आणलेल्या काटक्या. खाली कुत्र्याचे आजोबा शिडी धरून. खिशात फोन वाजला. ग्रामस्थ मंडळ, मुंबई. देवळाचा स्लॅब तीन पावसाळे गळतोय, त्यावर लोखंडी सांगाडा करून पत्र्याची शेड घालायचं ठरलंय, प्रत्येक कुटुंबामागे अमुक वर्गणी, उदार हस्ते मदत करावी.

खाली उतरून हात धुतले आणि गावच्या चुलतभावाला लिहिलं, पैसे पाठवते, पण जुने खांब कुठे आहेत रे? अर्ध्या तासाने फोटो आला. मांगरात, लाकूडफाट्याला आधार म्हणून उभे केलेले दोन. वरच्या कोरीव पानांवर कोंबड्यांची विष्ठा. "दोन शाबूत आहेत," त्याने लिहिलं. "फणसाचे ना, वाळवी नाही लागली."

मी विचारलं, स्लॅबवर पत्रा घालणारच आहात तर त्याऐवजी कौलं घातली तर किती लागतील, अंदाजे? मोजून सांगशील?

बराच वेळ उत्तर नाही. वॉर्डनबाई चहा घेऊन आल्या. मग फोन उजळला.

"ताई, मंगळुरी की नळे?"